नखुल्यांचं सूप

परवा रविवारी लेकीने फर्मान काढलं, "आई, ते क्रीमवालं चिकन पास्ता सूप घरीच कर ना!" बाहेर धो धो पाऊस. त्यातून आमच्या सासूबाई नुकत्याच तापातून उठलेल्या. आठ दिवस पेज आणि मऊ भात, तोही निम्मा ताटात. म्हटलं, काहीतरी गरम गरम दोघींच्या पोटात जाईल.

अर्धा किलो चिकन हाडांसकट आणलं. आलं, लसूण, मिरी, तमालपत्र, मीठ आणि सहा वाट्या पाणी घालून शिजायला ठेवलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. पंचवीस मिनिटांत मी गॅस बंद केला तर म्हणाल्या, "झालं? आमच्या वेळी कोंबडी शिजायला दुपार व्हायची."

खरंच आहे. तेव्हा कोंबडी म्हणजे गावठी, आणि तीही पाहुणा आला किंवा जत्रा असली तरच. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुण्याच्या या कंपनीचा कुक्कुटपालन धंदा म्हणून उभा करण्यात मोठा वाटा आहे. सहा आठवड्यांत तयार होणारा ब्रॉयलर मग गावोगावच्या दुकानांत आला आणि सणाची कोंबडी रविवारची झाली. आमच्या मोहन्यातसुद्धा!

मी दुसऱ्या पातेल्यात दोन चमचे लोणी तापवून कांदा परतला, दोन चमचे मैदा भाजला आणि फ्रीजमधलं दूध काढलं. (दूध गारच घालावं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. हे मी तीनदा गुठळ्या करून शिकले आहे.)

"अगं, कोंबडीत दूध?"

"आई, चिकनला दही लावतोच की आपण."

"दही वेगळं, दूध वेगळं."

आता काय बोलणार! दूध आणि मासे एकत्र खाऊ नयेत असं चरकसंहितेत आहे. आपल्या घरांनी तो नियम कोंबडी-मटणालाही लावला. पण मला वाटतं, यात नुसतं शास्त्र नाही, टंचाईही आहे. सासूबाईंचं माहेर परळचं. गोरेगावची आरे कॉलनी १९४९ साली उभी राहिली, तिथल्या दुधाच्या बाटल्यांसाठी त्या लहानपणी कार्ड घेऊन पहाटे रांगेत उभ्या राहिल्या आहेत. ते दूध चहाला पुरवायचं, धाकट्या भावाला द्यायचं आणि उरलं तर विरजायचं. रश्श्यात ओतण्याइतकं दूध होतं कुणाकडे? १९७० साली ऑपरेशन फ्लड सुरू झालं, त्यानंतर पुढच्या काही वर्षांत दूध पिशव्यांतून दारात येऊ लागलं. क्रीमचं छोटं खोकं किराणा दुकानात मिळायला लागलं ते तर अगदी आत्ता आत्ता.

वाद नको म्हणून दूध घालायच्या आधीच दोन वाट्या नुसतं पाणी त्यांच्यासाठी बाजूला काढलं. कोल्हापूरकडे यालाच अळणी म्हणतात. नाव अळणी, पण मीठ असतं बरं का! आजाऱ्याला आणि पोरांना पहिला मान.

मग पास्त्याचं पाकीट फोडलं... आत पोरकिडे! पावसाळा, दुसरं काय. लेकीचं तोंड एवढंसं झालं. सासूबाई म्हणाल्या, "वरच्या फळीवर पितळी डबा आहे, तो काढ."

डब्यात नखुले होते. रव्याच्या घट्ट कणकेची इवलीशी गोळी अंगठ्याच्या नखावर दाबून वळवलेली, शंखासारखी. गव्हले, मालत्या, बोटवे ही त्यांची भावंडं. पूर्वी लग्नाआधी आळीतल्या बायका दुपारी जमून हे सगळं वळायच्या. काही खिरीसाठी, काही रुखवतात मांडायला.

पास्ता मार्को पोलोने चीनहून इटलीत नेला असं आपण ऐकतो. पण तो परतला १२९५ साली, आणि सिसिलीत शेवयांसारखा पदार्थ बनवून जहाजांनी बाहेर पाठवतात असं अल-इद्रीसीने ११५४ सालीच लिहून ठेवलंय. पास्त्याला लागतो तो ड्युरम गहू, म्हणजे आपला बन्सी, ज्याच्या रव्याचा सांजा करतो. आणि आमटीत शिजवलेल्या चकोल्या म्हणजे तरी दुसरं काय? तिकडे यंत्रं आली, कारखाने निघाले, पास्ता जगभर गेला. आपल्याकडे शेवया पाकिटात गेल्या आणि नखुले डब्यात राहिले.

नखुले तुपावर परतून वेगळे उकडले. थेट सूपमध्ये टाकले असते तर लापशी झाली असती. निम्मे लेकीच्या दुधाच्या सूपमध्ये, निम्मे अळणीत. सासूबाईंनी आख्खी वाटी संपवली. आठ दिवसांत पहिल्यांदा! मग नातीच्या वाटीकडे बघून म्हणाल्या, "चमचाभर दे गं, चव तर बघू."

डबा घासायला घेतला तेव्हा कळलं, ते शेवटचे होते. मागच्या वर्षीपासून त्यांचा हात थरथरतो, त्यानंतर वळलेच नव्हते. आणि मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

काल संध्याकाळी वाटीभर रवा भिजवला. त्या खुर्चीत, आम्ही मायलेकी खाली चटईवर. माझे नखुले चपटे झाले. लेकीचे बरे आहेत म्हणे.