अमृतसरमधील व्यसनोपचार
अटारीच्या सरहद्दीपासून सुमारे 30 किलोमीटरवर वसलेल्या अमृतसरने अफगाणिस्तानातून पाकिस्तानमार्गे येणाऱ्या हेरॉइनची मोठी झळ सोसली. 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर भर पोलिसी कारवाईवर राहिला. उपचार मागे पडले. व्यसनी माणूस आधी रुग्ण असतो, हे मान्य व्हायला फार वेळ लागला. ऑक्टोबर 2017मध्ये अमृतसर, तरनतारन व मोगा जिल्ह्यांत व्यसनोपचाराची सरकारी बाह्यरुग्ण केंद्रे सुरू झाली. तेथे ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोनची गोळी जिभेखाली ठेवायला देतात. तिने हेरॉइन सोडताना होणारी तलफ, अंगदुखी, जुलाब, निद्रानाश आटोक्यात राहतात. नॅलॉक्सोनमुळे ती गोळी विरघळवून टोचून घेण्याला आळा बसतो. सुरुवातीला गोळी रोज कर्मचाऱ्यांसमोरच घ्यावी लागे, आणि त्यापायी रोजंदारीवरच्या मजुराचे काम बुडे. 2020च्या टाळेबंदीत अनेक दिवसांच्या गोळ्या घरी नेण्याची मुभा मिळाली.