कंबरेतला वादग्रस्त सांधा

कंबरेत उसण भरली की जालना जिल्ह्यातील खेड्यांत, आणि खरे तर उभ्या महाराष्ट्रात, वडीलधारी माणसे पायाळूचा शोध घेत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने दुखऱ्या जागी हलकीशी लाथ लावली की उसण निघते, ही समजूत. या उपायाला हसण्यापूर्वी हा धागा शेवटपर्यंत वाचावा, कारण आज ज्या सांध्याची कथा सांगायची आहे, त्याच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा इतिहासही फारसा निःशंक नाही.

आरशाकडे पाठ करून उभे राहिले तर कंबरेच्या खाली दोन्ही बाजूंस दोन लहान खळगे दिसतात. त्यांच्या आत, पाठीचा कणा जेथे संपत येतो तेथील त्रिकास्थी आणि दोन्ही बाजूंची रुंद श्रोणी-अस्थी यांचा सांधा आहे. धडाचा सारा भार याच सांध्यातून पायांकडे उतरतो.

हा सांधा हलतो की नाही? प्रश्न साधा, पण वाद फार जुना. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत कटीच्या चपट्या हाडांचे सांधे कवटीच्या सांध्यांबरोबर ‘तुन्नसेवनी’ या प्रकारात घातले आहेत. म्हणजे शिवणीसारखे घट्ट. त्याच अध्यायात हालचाल करणाऱ्या सांध्यांत हातपाय व जबड्यासोबत कटीचेही नाव येते. या दोन विधानांचा मेळ कसा घालायचा ते अभ्यासकांनी ठरवावे. मला मात्र त्यात पुढल्या दोन हजार वर्षांच्या गोंधळाची पूर्वसूचना दिसते.

युरोपातही निराळी स्थिती नव्हती. हिपॉक्रेटिसच्या परंपरेनुसार ही हाडे केवळ बाळंतपणात सैल होत. अठराव्या शतकात आल्बिनस आणि विल्यम हंटर यांनी दाखवून दिले की येथे खराखुरा, आत वंगणाचे अस्तर असलेला सांधा आहे. हालचाल नेमकी किती, हे कळायला मात्र १९८९ उजाडले. स्वीडनच्या स्टुरेसन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या हाडांत टँटलम धातूचे सूक्ष्म मणी बसवून क्ष-किरणांनी मोजमाप केले. सरासरी फिरणे सुमारे अडीच अंश, सरकणे एक मिलिमीटरहूनही कमी. सांधा हलतो, पण जेमतेम.

या जेमतेम हालणाऱ्या सांध्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी मोठाच आळ आला. १९०५ मध्ये बॉस्टनचे गोल्डथ्वेट आणि ऑसगुड यांनी कंबरदुखी व पायात उतरणारी कळ यांचे मूळ येथे असू शकते, असे मांडले. १९०८ मध्ये चार्ल्स पेंटर यांनी हा सांधा कायमचा जोडून टाकण्याच्या शस्त्रक्रियेची नोंद प्रसिद्ध केली. १९२१ मध्ये आले स्मिथ-पीटरसन. नॉर्वेत जन्मलेला आणि बॉस्टनमध्ये नाव कमावलेला हा शल्यविशारद. त्यांची रीत सुताराला चटकन समजेल अशी होती: बाहेरच्या हाडाला चौकोनी खिडकी पाडायची, आतली कूर्चा खरवडायची आणि काढलेला हाडाचा ठोकळा पुन्हा ठोकून त्रिकास्थीत रुतवायचा. कालांतराने हाडाला हाड मिळते आणि सांधा उरतच नाही. जखम मोठी, अंथरुणावरचा मुक्कामही लांब.

मग १९३४ साली सारेच फिरले. मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधील चकती सरकून मज्जातंतूवर दाब येतो आणि त्यातून पायाची कळ उद्भवते, हे दाखविले. दोघेही बॉस्टनचेच. वैद्यकाचे लक्ष एकदम कण्याकडे वळले आणि कालचा आरोपी सांधा जवळजवळ विस्मृतीत गेला. या सांध्याचे खरे दुखणे असलेल्या रुग्णांची त्यानंतर कशी परवड झाली असेल! चित्रात चकती ठीक दिसली, की दुखणे मनाचे ठरवायला कितीसा वेळ लागतो?

पुनरागमन झाले ते एका साध्या प्रयोगाने. १९९४ मध्ये फोर्टिन यांनी दहा निरोगी स्वयंसेवकांच्या या सांध्यात सुईने द्रव भरला आणि कोठे दुखते ते विचारले. उत्तर आले: त्या खळग्यांच्या जरा खाली. आजही रुग्ण एका बोटाने नेमकी तीच जागा दाखवू लागला की डॉक्टरांना या सांध्याचा संशय येतो. मग सांध्यावर ताण देणाऱ्या काही तपासण्या होतात आणि शेवटी बधिर करणारे औषध सांध्यात सोडून वेदना कितपत ओसरते ते पाहिले जाते.

२००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टायटॅनियमच्या त्रिकोणी खुंट्यांना परवानगी दिली. कुल्ह्याच्या बाजूला काही सेंटिमीटरचा छेद, क्ष-किरणांच्या पडद्यावर नजर, आणि बहुधा तीन खुंट्या एका हाडातून दुसऱ्या हाडात. खुंटी त्रिकोणी का? गोल असती तर जागच्या जागी फिरली असती. गंमत अशी, की मांडीच्या हाडाची मान मोडल्यास वापरायचा तीन पाकळ्यांचा खिळा स्मिथ-पीटरसन यांनीच प्रचारात आणला होता, तोही याच कारणासाठी.

प्रारंभीचे निकाल डोळे दिपविणारे होते. अमेरिकेतील १४८ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के यशस्वी ठरले. व्यायाम, औषधे व इंजेक्शने घेणाऱ्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा. परंतु चाचणीचा खर्च खुंट्या बनविणाऱ्या कंपनीचा होता, आणि आपल्याला कोणता उपचार मिळाला हे प्रत्येक रुग्णाला ठाऊक होते.

ही दुसरी उणीव भरून काढली नॉर्वे आणि स्वीडनच्या संशोधकांनी. ६३ रुग्णांपैकी काहींना खुंट्या बसविल्या, तर इतरांना केवळ छेद देऊन तो शिवला. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला सांगितले नाही. २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सहा महिन्यांनी दोन्ही गटांची वेदना कमी झाली होती, आणि त्यांतला फरक खात्रीने सांगण्याइतका नव्हता. पायाळूकडे जाणाऱ्या माणसालाही काही वेळा बरे का वाटले असेल, याचा अंदाज येथे बांधता येतो. उसण तशीही काही दिवसांत उतरते, हा भाग वेगळा.

खुंट्यांचे समर्थक म्हणतात, ६३ ही संख्या फार लहान आणि सहा महिन्यांचा काळ अपुरा आहे. टीकाकार म्हणतात, हाडात धातू ठोकायचा तर पुरावा देण्याची जबाबदारी ठोकणाऱ्याची. दरम्यान शस्त्रक्रिया चालूच आहेत. मला विचाराल तर टीकाकारांचे पारडे तूर्त जड वाटते.