गांधी आणि मार्क्स (ग्रंथ)

'गांधी आणि मार्क्स' हा किशोरलाल घनश्यामलाल मशरूवाला (१८९०–१९५२) यांचा, गांधीविचाराच्या भूमिकेवरून मार्क्सवादाची चिकित्सा करणारा ग्रंथ आहे. तो १९५१ मध्ये अहमदाबादच्या नवजीवन प्रकाशन मंदिराने प्रसिद्ध केला. त्याला विनोबा भावे यांची प्रस्तावना आहे.

पार्श्वभूमी

मशरूवाला यांनी काही काळ अकोल्यात वकिली केली. १९१७ पासून ते गांधीजींच्या सहवासात आले. पुढे गांधी सेवा संघाचे अध्यक्ष असताना वर्धा हेच त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र बनले. गांधीजींच्या हत्येनंतर 'हरिजन' साप्ताहिकाचे संपादकत्व त्यांच्याकडे आले. त्या काळात वर्ध्याच्या दक्षिणेस तेलंगणात साम्यवाद्यांचा सशस्त्र लढा चालू होता. त्यामुळे हा वाद केवळ ग्रंथांपुरता नव्हता. जमीन कोणत्या मार्गाने वाटली जाणार, असा तो प्रश्न होता. एप्रिल १९५१ मध्ये पोचमपल्ली येथे विनोबांना पहिले भूदान मिळाले, तेही याच प्रदेशात.

महाराष्ट्रात या तुलनेची सुरुवात त्याआधी तीस वर्षे झाली होती. श्रीपाद अमृत डांगे यांनी १९२१ मध्ये मुंबईत गांधी आणि लेनिन यांच्यावर इंग्रजी पुस्तिका लिहिली. त्यांचा कौल लेनिनकडे होता.

युक्तिवाद

साम्यवादातून हिंसा वजा केली की गांधीवाद उरतो, हे त्या वेळचे लोकप्रिय समीकरण मशरूवाला नाकारतात. ही वजाबाकीच चुकीची आहे, असे त्यांचे म्हणणे. हिंसा हे वरून जोडलेले साधन नसून जीवनाकडे पाहण्याच्या दृष्टीतून ती येते; ती वगळल्यास मार्क्सवाद मार्क्सवाद राहत नाही. जड पदार्थाला मूळ मानणारी दृष्टी आणि चैतन्याला मूळ मानणारी दृष्टी यांतील भेद त्यांना निर्णायक वाटतो. रचनेच्या बाजूने ते विश्वस्तवृत्ती, विकेंद्रीकरण आणि वर्णव्यवस्था यांचा आधार घेतात. विनोबांच्या प्रस्तावनेतही दोन्ही विचारांतील बाह्य साम्यापेक्षा मूलभूत भेदावर भर आहे.

टीका

ग्रंथाची सर्वांत दुबळी बाजू वर्णव्यवस्थेचे समर्थन ही आहे. वर्णाचा अर्थ कितीही शुद्ध केला, तरी जन्माने ठरणाऱ्या व्यवसायाचा प्रश्न सुटत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या निबंधात वर्णव्यवस्थेवर हल्ला चढवला होता आणि गांधीजींनी त्याला 'हरिजन'मध्येच उत्तर दिले होते. मशरूवाला यांच्या लेखनात त्या आक्षेपाचे समाधान होत नाही. विश्वस्तवृत्तीवरही आंबेडकरांनी कठोर टीका केली होती.

हिंसेच्या मुद्द्यावर मात्र हे दोन प्रवाह जवळ येतात. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथील भाषणात आंबेडकरांनी शोषण व दुःख यांच्या अंताचे ध्येय मान्य केले, पण हिंसा आणि हुकूमशाही हे मार्ग नाकारले. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो गांधींचा नव्हे, बुद्धाचा.