किल्ल्यातलं भांडण

आमच्या बाबांचं इतिहासाचं सगळं ज्ञान एका वाक्यात मावायचं. "इंग्रजांच्यात एकी होती, आपल्यात नव्हती. संपला विषय." शाळेतही आम्हाला साधारण हेच शिकवलं, त्यामुळे मला त्यात कधी काही खटकलं नाही.

गंमत म्हणजे बाबा हेच वाक्य गिरणी संपालाही लावायचे. ते साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात बाबाही होते. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही आणि बाबाही पुन्हा कामावर गेले नाहीत. का हरलो असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "एकी टिकली नाही." हे म्हणताना ते खाली बघायचे. जणू स्वतःच कुठेतरी कमी पडलो.

मध्यंतरी मुंबईच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल वाचत होतो, तेव्हा रिचर्ड केग्विन नावाचा माणूस भेटला. बाबा असते तर त्यांनाच सांगितला असता. आता तुम्हाला सांगतो.

मुंबई इंग्रजांना हुंड्यात मिळाली एवढं आपल्याला ठाऊक असतं. १६६१ चा तो लग्नाचा करार. पण ताबा घ्यायला राजाने पाठवलेले चारेकशे सैनिक १६६२ मध्ये इथे पोचले, तेव्हा पोर्तुगीजांनी बेट द्यायला नकार दिला. बिचारे कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसले आणि रोगराईने पटापट मेले. त्यांचा सेनापती सर अब्राहम शिपमनही तिथेच गेला. १६६५ मध्ये ताबा मिळाला तेव्हा त्यातले शंभरएक उरले होते.

म्हणजे मुंबईतली पहिली इंग्रज वस्ती ही राजाच्या सैनिकांची. व्यापारी होते सुरतेला. पुढे राजाला हे बेट परवडेना. त्याने १६६८ मध्ये ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. राजाचे शिपाई एका रात्रीत कंपनीचे नोकर झाले! भांडणाचं बी इथेच पडलं. सैनिकाला वाटायचं, आपण राजाची माणसं. कंपनीला वाटायचं, ही खर्चाची बाब. १६७४ मध्येच पगार आणि सवलतींवरून शिपायांनी बंड केलं. त्यात फेक नावाच्या एका कॉर्पोरलला गोळी घालण्यात आली. हे नाव लक्षात ठेवा.

१६८१ मध्ये लंडनला कंपनीची सूत्रं सर जोसाया चाइल्डच्या हातात आली. सुरतेला मुख्य होता जॉन चाइल्ड. (आडनाव एकच, पुष्कळ वर्षं त्यांना भाऊ समजत, पण ते भाऊ नव्हते.) लंडनहून एकच पालुपद यायचं, मुंबईवरचा खर्च कमी करा. शिबंदी कमी करा, पगार कमी करा. आणि इकडे परिस्थिती काय? शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडावर खांदेरीचा किल्ला बांधायला घेतलेला, जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार पावसाळ्यात हक्काने माझगावला येऊन राहायचं, आणि त्याचे लोक बेटावर दंगा करायचे. संकट दारात आणि मालक हिशेबाची वही घेऊन बसलेला... नोकरी केलेल्या कोणालाही हे चित्र नवं वाटू नये.

केग्विन मूळचा कॉर्नवॉलचा, दर्यावर्दी. आधी सेंट हेलेनाचा गव्हर्नर होता. ऑक्टोबर १६७९ मध्ये खांदेरीच्या समुद्रात मराठ्यांच्या आरमाराशी 'रिव्हेंज' जहाजावरून लढला आणि भारी पडला. (खांदेरी मात्र मराठ्यांकडेच राहिली.) बक्षीस काय, तर काटकसर म्हणून नोकरी गेली. पुन्हा घेतलं ते शिबंदीचा प्रमुख म्हणून, मग भत्त्याला कात्री आणि कौन्सिलमधलं स्थानही काढून घेतलं.

२७ डिसेंबर १६८३ ला केग्विनने किल्ला ताब्यात घेतला. डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्डला अटक झाली. रक्त सांडलं नाही. शिबंदी त्याच्या मागे होती आणि तिने त्यालाच गव्हर्नर केलं. पुढचे जवळजवळ अकरा महिने मुंबई कंपनीची नव्हती.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. केग्विन मुंबईचा राजा होऊन बसला नाही. बेट राजाचं आहे, राजाची आज्ञा येईपर्यंत आम्ही ते सांभाळतो आहोत, असं त्याने जाहीर केलं आणि तक्रारीचं पत्र थेट चार्ल्स राजाकडे धाडलं. त्याने सिद्दीच्या आरमाराला बंदराबाहेर काढलं. ज्यांच्या आरमाराशी आपण लढलो, त्यांच्याकडेच वकील पाठवून संभाजी महाराजांशी करार केला. कंपनीला वर्षानुवर्षं न जमलेली कामं बंडखोराने काही महिन्यांत केली. जॉन चाइल्ड स्वतः सुरतेहून समजूत घालायला आला आणि हात हलवत परत गेला.

शेवट नोव्हेंबर १६८४ मध्ये झाला. सर थॉमस ग्रँटम राजाची आज्ञा आणि माफीचं वचन घेऊन आला. केग्विनने किल्ला त्याच्या स्वाधीन केला. माफी पाळली गेली. केग्विन इंग्लंडला परतला, पुढे त्याला राजाच्या आरमारात जहाज मिळालं, आणि १६९० मध्ये वेस्ट इंडीजमध्ये सेंट किट्स बेटावर लढताना तो मेला.

कंपनीचं काय? जॉन चाइल्डने औरंगजेबाशी भांडण उकरून काढलं. १६८९ मध्ये सिद्दी याकूत मुंबईवर उतरला, माझगाव, माहीम घेतलं आणि इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. दीड लाख रुपये दंड भरून, बादशहाची क्षमा मागून सुटका झाली. तोवर चाइल्डही वारला होता.

तर बाबा, कुठे होती एकी? लंडन एकीकडे, सुरत दुसरीकडे, मुंबईचे शिपाई तिसरीकडे, आणि राजा आपला वरून बघतोय. त्या पंचवीसएक वर्षांत ही वस्ती दोन-तीनदा तरी बुडायच्या बेतात होती. भांडणं त्यांच्यातही रग्गड होती. पण त्या भांडणात वर जाऊन ठोठवायला एक दार होतं, आणि ते दार उघडल्यावर दिलेला शब्द पाळला गेला. म्हणून बंड झालं तरी घर मोडलं नाही.

अर्थात ते दारही सगळ्यांसाठी नव्हतं. कॅप्टन केग्विनला माफी मिळाली, कॉर्पोरल फेकला गोळी. बेटावरच्या कोळी-भंडाऱ्यांना तर हुंड्यात देतानाही कोणी विचारलं नव्हतं.

आणि म्हणूनच मला १९८२ पुन्हा आठवतो. तेव्हाचं मला आठवतं ते असं की चाळीच्या चाळी रिकाम्या झाल्या, माणसं गावाला गेली, बायकांनी दागिने मोडले, पण कामावर जायचं नाही म्हणजे नाही. महिनोन् महिने. एकी म्हणतात ती आणखी कशी असते? पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात त्या धंद्यात मान्यता एकाच संघटनेला होती. कामगार दत्ता सामंतांच्या मागे उभे होते आणि कायद्याच्या लेखी सामंत कोणीच नव्हते. बोलणी करणार कोणाशी? अडीच लाख माणसं एका बंद दारापुढे उभी होती, आणि ते दार उघडलं नाही तेव्हा त्यांनी दोष एकमेकांना दिला.

परवा एशियाटिकच्या पायऱ्यांवर बसलो होतो. त्या इमारतीच्या मागे नौदलाची हद्द आहे, आत जाता येत नाही. तिथेच केग्विनचा तो किल्ला होता. आज तिथे 'आयएनएस आंग्रे' आहे. इंग्रजांच्या किल्ल्याला कान्होजींचं नाव. बाबांना हे फार आवडलं असतं.

पण मला त्यांना दुसरंच सांगायचं होतं. एकी होती, बाबा. तुमच्यात भरपूर होती. खाली बघायचं काही कारण नव्हतं.

हे तेव्हा सुचलं नाही. असो.