वऱ्हाडाचें नांव आणि कळफलक

हाताला एकदां पडलेलें वळण सहसा सुटत नाहीं, हा अनुभव सर्वांचाच आहे. मोर्शीस आमचे एक वृद्ध स्नेही राहतात. सारें आयुष्य त्यांनीं टंकलेखनांत घालविलें आणि आज संगणकावरहि त्यांचीं बोटें जुन्या यंत्राच्याच वाटेनें जातात. त्यांची नात मात्र रोमन अक्षरें दाबून मराठी उतरविते. दोघांनीं मिळून तेथील संत्र्याच्या बागांविषयीं कांहीं टिपणें लिहिलीं होतीं. आम्हीं त्यांत ‘वऱ्हाड’ हा शब्द शोधून पाहिला, तेव्हां नातीचीं टिपणें सांपडलीं, आजोबांचें एकहि नाहीं! डोळ्यांस दोन्ही शब्द तंतोतंत सारखे. मग हा भेद आला कोठून? याचें उत्तर कळफलकाच्या इतिहासांत आहे.

अमेरिकेंत क्रिस्टोफर शोल्स यांस १८६८ सालीं लेखनयंत्राचें पेटंट मिळालें आणि १८७४ पासून रेमिंग्टन कंपनीचें यंत्र बाजारांत आलें. इंग्रजीचीं सव्वीस अक्षरें त्यांत सुखानें मावलीं. देवनागरीचे स्वर, व्यंजनें, काना-मात्रा आणि जोडाक्षरें पन्नासांहून कमी कळांवर बसवावयाचीं म्हणजे तडजोड आलीच. ती अशी झाली कीं, यंत्रास उच्चार न शिकवितां आकार शिकविण्यांत आले. ध, भ, ण अशा अक्षरांचा अर्धा भाग उमटवून मग काना द्यावयाचा. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधीं दाबावयाची. ‘धर्म’ लिहितांना रफार ‘म’च्या नंतर द्यावयाचा. कागदावर जसें दिसतें तसाच बोटांचा क्रम.

यंत्र वांकेना, तेव्हां लिपीनेंच थोडें वांकावें, असाहि विचार पुढें आला. सावरकरांनीं ‘अ’च्या बाराखडीचा, म्हणजे अि, अी, अु अशा लेखनाचा, पुरस्कार केला, किर्लोस्कर मासिकांत ती छापलीहि जात असे. १९५३ च्या लखनौ परिषदेनें तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे न्यावी असें सुचविलें. यांपैकीं कांहींच समाजांत टिकलें नाहीं. लिपी ही केवळ छापखान्याची सोय नसून पिढ्यान् पिढ्यांच्या डोळ्यांची ओळख असते, हें त्या प्रयत्नांच्या शेवटावरून दिसून येतें.

संगणक आल्यावर प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. आरंभीं प्रत्येक फाँटचा कारभार स्वतंत्र होता. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला कीं मराठी लेखाच्या जागीं रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा दिसे. १९९१ सालच्या भारतीय मानकांत इनस्क्रिप्ट मांडणीस स्थान मिळालें. तींत स्वर डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजनें उजव्या हाताकडे. आणि मराठीचा ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर बंगाली व तमिळ ‘क’. येथें ‘धर्म’ हा शब्द ध, र, हलन्त, म अशा उच्चाराच्याच क्रमानें लिहावयाचा. त्याच वर्षीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली आणि देवनागरीच्या प्रत्येक वर्णास सर्व जगांत एकच क्रमांक मिळाला.

यावरून वाद मिटला असें वाटेल. पण हातांचीं वळणें मिटलीं नाहींत. आज जालावरील एकाच अर्जासमोर तीन प्रकारचे लोक बसतात: रेमिंग्टनच्या वळणाचे, इनस्क्रिप्टचे आणि रोमन अक्षरांतून मराठी उतरविणारे. कळ दाबतांच ब्राउझर दोन गोष्टी कळवितो: कोणत्या जागेची कळ दाबली गेली आणि तिनें कोणतें अक्षर दिलें. इंग्रजी कळफलकावर जेथें ‘क्यू’ असतो तेथें फ्रेंच कळफलकावर ‘ए’ असतो. जेथें ‘एस’ तेथें इनस्क्रिप्टमध्यें मात्रा. म्हणून ज्याला मजकूर हवा त्यानें कळा मोजीत बसूं नये. चौकटींत शेवटीं जें उतरलें तेंच प्रमाण मानावें. ७/१२ आणि ‘७/१२’ यांतील आंकडे देवनागरी असोत वा रोमन, अर्जानें दोन्ही घ्यावे.

आतां आमच्या ‘वऱ्हाडा’कडे वळूं. त्यांतील कोयत्यासारखा अर्धा र मराठीचा खास आहे. युनिकोडमध्यें तो दोन रीतींनीं साधतां येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णास हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढें एक अदृश्य जोडखूण देऊन. आजोबांच्या कळफलकानें दुसरी रीत धरली, नातीच्या कळफलकानें पहिली. रूप एक, क्रमांक निराळे. आणि यंत्र तर क्रमांकच वाचतें! ‘शेतकऱ्यांचा’, ‘कऱ्हाड’, ‘ऱ्हस्व’ या सर्वच शब्दांवर हा प्रसंग येतो.

दोष आजोबांचा नव्हे आणि नातीचाहि नव्हे. शोध घेण्यापूर्वीं दोन्ही रूपें एकच मानण्याचें काम कार्यक्रम लिहिणाऱ्याचें आहे, आणि तें कांहीं अवघड नाहीं. तेवढें न केल्यास लिहिलेला कागद असूनहि नसल्यासारखाच. उद्यां कोणी अभ्यासक आमच्या प्रांताचा इतिहास शोधूं लागला आणि प्रांताच्या नांवावरच त्याचा शोध अडला, तर एका पिढीचें लेखन त्याच्या दृष्टीस पडणारच नाहीं. सत्तरी ओलांडलेल्या बोटांस नवें वळण लावण्यापेक्षां यंत्रासच दोन्ही वळणें ओळखावयास शिकवावें, हेंच आम्हांस उचित वाटतें.