परिचारिका-नोंदणी व तिचे नूतनीकरण

परिचर्येचे विहित शिक्षण पुरे करून परीक्षा उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीचे नाव वैधानिक परिषदेच्या नोंदपटात दाखल करून घेणे म्हणजे परिचारिका-नोंदणी. आणि ती नोंद ठरावीक मुदतीनंतर, मध्यंतरीच्या काळात संपादन केलेल्या पुढील शिक्षणाच्या आधाराने, पुन्हा कायम करून घेणे म्हणजे तिचे नूतनीकरण. नोंदणी ही परिचारिकेची सनद होय. परंतु या सनदेने ज्या योग्यतेची ग्वाही दिली जाते ती परीक्षेच्या दिवशीची योग्यता असते, आणि औषधे, उपकरणे व उपचारपद्धती वर्षानुवर्षे पालटत असता ती ग्वाही पुढेही खरी ठरावी, याची तजवीज नूतनीकरणाने व्हावयाची असते.

इतिहास : परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा जगात प्रथम न्यूझीलंडने १९०१ मध्ये केला, आणि त्या कायद्यान्वये एलेन डॉहर्टी या पहिल्या नोंदणीकृत परिचारिका ठरल्या. इंग्लंडात या प्रश्नावर दीर्घकाळ वाद चालला. एथेल बेडफर्ड फेनविक यांनी १८८७ मध्ये ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापून नोंदणीचा आग्रह धरला, तर खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी तिला विरोध केला. कारण परिचारिकेचे खरे गुण कोणत्याही परीक्षेने मोजता येत नाहीत व नोंदवहीत उतरवता येत नाहीत, अशी त्यांची धारणा होती. अखेर १९१९ मध्ये कायदा संमत झाला आणि नोंदपटावर पहिले नाव फेनविकबाईंचे लागले. वादात नाइटिंगेल यांचा पक्ष हरला खरा. तथापि त्यांच्या आक्षेपातील मर्म शिल्लक राहिले, आणि नूतनीकरणाची आधुनिक व्यवस्था हे त्या आक्षेपाला दिलेले, उशिराचे व अद्याप अपुरे असलेले उत्तर आहे.

भारतात १९०८ मध्ये स्थापन झालेल्या ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने व्यवसायाच्या संघटनेचा पाया घातला. प्रांतिक कायद्यांत मद्रासचा १९२६ चा कायदा अग्रेसर ठरला. मुंबई इलाख्याचा कायदा १९३५ चा. प्रांतोप्रांतीच्या शिक्षणात एकसूत्रीपणा यावा म्हणून १९४७ च्या अधिनियमाने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली. महाराष्ट्रात आज नोंदणीचे काम महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ या कायद्याखालील महाराष्ट्र परिचर्या परिषद पाहते. अभ्यासक्रमांचे मान ठरविणे हे केंद्रीय परिषदेकडे आणि प्रत्यक्ष नोंदपट ठेवणे हे राज्य परिषदेकडे, अशी ही विभागणी आहे.

नोंदणीचे स्वरूप : दोन वर्षांचा सहाय्यक परिचारिका-प्रसाविका अभ्यासक्रम (ए. एन. एम.), तीन वर्षांचा सामान्य परिचर्या व प्रसाविका अभ्यासक्रम (जी. एन. एम.) आणि चार वर्षांची बी. एस्सी. नर्सिंग ही पदवी, हे नोंदणीचे मुख्य मार्ग होत. पदविका वा पदवी घेतलेल्यांची नोंद परिचारिका व प्रसाविका अशा दोन्ही नात्यांनी होते. त्यापुढे मिळविलेली उच्च अर्हताही दप्तरी लावून घ्यावी लागते. ती लावली नाही तर बढतीच्या वा नेमणुकीच्या वेळी अडचण उभी राहते. भारतीय परिचर्या परिषदेने देशभरच्या नोंदी एका ठिकाणी आणण्यासाठी संगणकीय नोंदपट उभारला असून त्यात प्रत्येक परिचारिकेस एक राष्ट्रीय क्रमांक दिला जातो.

नूतनीकरण : नोंदणीची मुदत पाच वर्षांची असून त्या अवधीत १५० तासांचे निरंतर परिचर्या शिक्षण घेतलेले असावे, असा दंडक केंद्रीय परिषदेने घातला आहे. वर्षाकाठी सरासरी ३० तास असा हा हिशेब पडतो. परिषदेने मान्य केलेल्या कार्यशाळा, परिसंवाद, परिषदा व अभ्यासवर्ग यांचेच तास जमेस धरले जातात. म्हणून वर्गास नाव देण्यापूर्वी त्यास मान्यता आहे की नाही, व प्रमाणपत्रावर आपला नोंदणी-क्रमांक बिनचूक आला आहे की नाही, हे पाहून घेणे हिताचे असते. प्रमाणपत्रे वर्षवार लावून ठेवणाऱ्या परिचारिकेस मुदतीच्या अखेरीस धावाधाव करावी लागत नाही. पाचव्या वर्षी एकदम सगळे तास भरून काढण्याची रीत रूढ आहे. परंतु तिने कागद पुरा होतो, शिक्षण मात्र होत नाही.

दप्तरातील नाव व कामावरील नाव एकच असावे लागते. विवाहानंतर नाव बदललेल्या परिचारिकेने ते पुराव्यानिशी परिषदेकडून दुरुस्त करून घेतले नाही, तर पुढे प्रमाणपत्रे एका नावाची आणि नोंद दुसऱ्या नावाची असा घोळ होतो. दुसऱ्या राज्यात नोकरी धरावयाची असल्यास मूळ परिषदेचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन तेथील परिषदेत नाव लावावे लागते. आखाती देशांत किंवा युरोपात जाणाऱ्यांच्या नोंदणीची पडताळणी तेथील अधिकारी थेट मूळ परिषदेकडून करवितात, आणि मुदत टळलेली नोंद अशा वेळी वाटेतच आडवी येते. संसार व अपत्ये यांसाठी काही वर्षे नोकरी सोडलेल्या परिचारिकांनी तर नोंदणी खंडित होऊ न देण्याची विशेष दक्षता घ्यावी. त्यांच्या परतीचा मार्ग तीवरच अवलंबून असतो.

कौशल्यांचे नूतनीकरण : परिचर्येतील किती गोष्टी एका कारकिर्दीत पालटतात, याचे निदर्शन वॉर्डातील कचऱ्याच्या पिशव्यांवरूनही होते. १९९८ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार शिकलेली परिचारिका मुदतबाह्य औषधे काळ्या पिशवीत टाकीत असे. २०१६ च्या नियमांत काळी पिशवी उरली नाही. ती औषधे पिवळ्या पिशवीत जातात, सुई काढलेल्या सिरिंजा व सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया व पाती पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, आणि काच निळ्या खुणेच्या पात्रात. जुन्या सवयीने एखादी सुई लाल पिशवीत पडली, तर तिची टोच पहाटे पिशवी उचलणाऱ्या सफाई कामगाराच्या हाताला लागते, आणि तिच्यामागून कावीळ वा एच. आय. व्ही. यांचे भय त्याच्या घरापर्यंत पोहोचते.

हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाच्या पुनरुज्जीवनाची गोष्टही तशीच. श्वासमार्ग मोकळा करणे ही पूर्वी पहिली पायरी मानली जाई. २०१० पासून छातीवरील दाबांना अग्रस्थान मिळाले. प्रौढ रुग्णास मिनिटाला १०० ते १२० या गतीने, निदान पाच सेंटिमीटर खोल दाब द्यावेत व ३० दाबांमागे दोन श्वास द्यावेत, एवढे पाठ करणे सोपे आहे. पण दाबाची खोली व लय हातांना राखता येणे ही सरावाची बाब असून शिक्षणानंतर तीन ते सहा महिन्यांत हे कौशल्य ओसरू लागते, असे वारंवार आढळून आले आहे. पाच वर्षांतून एकदा ऐकलेल्या व्याख्यानाने ते टिकणे शक्य नाही.

ग्रामीण उपकेंद्रांतील सहाय्यक परिचारिकांसाठी योजिलेले २१ दिवसांचे कुशल प्रसूती-साहाय्य प्रशिक्षण याबाबतीत अनुकरणीय आहे. त्यात व्याख्यानांपेक्षा प्रसूतिकक्षातील प्रत्यक्ष कामावर भर असतो : प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख भरणे, बाळ जन्मल्यावर रक्तस्राव रोखण्यासाठी ऑक्सिटोसिन देणे, गर्भिणीस झटके आल्यास वरच्या रुग्णालयात पाठविण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देणे. न रडणाऱ्या नवजाताला पहिल्या मिनिटाच्या आत पिशवी व मुखवट्याने श्वास देण्याचे शिक्षण नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाहुलीवर सराव करवून दिले जाते. जेथे डॉक्टर तासाभराच्या अंतरावर असतो, तेथे त्या एका मिनिटाचा सारा भार परिचारिकेच्या हातांवर असतो.

अन्य देशांतील पद्धती : ऑस्ट्रेलियात वर्षाला २० तासांचे, तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दोन वर्षांना ३० तासांचे शिक्षण आवश्यक मानले जाते. ब्रिटनने एप्रिल २०१६ पासून स्वीकारलेली पद्धत अधिक विचारपूर्वक रचलेली आहे. तेथे तीन वर्षांत ३५ तासांचे शिक्षण पुरे असते, मात्र त्यांपैकी २० तास इतरांच्या सहभागाने घेतलेले असावे लागतात; त्याखेरीज ४५० तास प्रत्यक्ष काम, आपल्या कामावरील पाच अभिप्राय, स्वतःच्या अनुभवांचे परीक्षण करणारी पाच लेखी टिपणे आणि त्यांवर एका नोंदणीकृत सहव्यावसायिकाशी चर्चा अपेक्षित असते. भारताच्या मानाने तेथे शिक्षणाचे तास कमी आहेत. परंतु त्या शिक्षणाने कामात कोणता फरक पडला, हे तेथे परिचारिकेस सांगावे लागते.

मूल्यमापन : नूतनीकरणाचा सर्व बोजा एकट्या परिचारिकेवर टाकणे न्याय्य नाही. तीन पाळ्यांत वाटलेले काम, रात्रपाळीनंतरचा थकवा, अपुरे मनुष्यबळ आणि घरची जबाबदारी यांतून वेळ काढून, बहुधा पदरमोड करून व साप्ताहिक सुटी खर्ची घालून, ती हे तास मिळवीत असते. खेड्यातील परिचारिकेला तर वर्गासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यातच दिवस मोडावा लागतो. म्हणून सेवांतर्गत शिक्षण हे रुग्णालयाचे कर्तव्य समजून ते कामाच्या वेळेत धरले जावे. परिसेविका व अधिसेविका यांनी वॉर्डातच दरमहा थोडा वेळ हातांच्या सरावासाठी राखून ठेवावा. आणि अशा सरावास परिषदांनी जमेचे तास द्यावेत, हेच योग्य होय.

राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियम, २०२३ हा १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी करण्यात आला असून शिक्षण, मूल्यांकन, आणि नीती व नोंदणी यांसाठी तीन स्वायत्त मंडळांची योजना त्यात आहे. नव्या व्यवस्थेत राष्ट्रीय नोंदपट अद्ययावत राहील, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु खाटेवरच्या रुग्णाला नोंदपटाचा उपयोग तेव्हाच, जेव्हा त्यातील नावाच्या परिचारिकेला आजचे औषध, आजचे उपकरण आणि आजची पद्धत अवगत असेल. तासांच्या मोजणीबरोबरच कौशल्याची प्रत्यक्ष पारख, आणि त्या पारखेसाठी लागणारा वेळ व खर्च पुरविण्याचे मालकावरील बंधन, या दोन गोष्टी नियमांत आल्या, तर नूतनीकरणाचा मूळ हेतू सिद्धीस जाईल.