मत्स्यालयातील सागरी माशांचे परोपजीवी रोग : निदान व उपचार यांचा इतिहास

(१)

रोगाचा इतिहास सांगताना सामान्यतः औषधाच्या शोधाला अग्रस्थान दिले जाते. रोग होता, उपाय नव्हता; पुढे उपाय सापडला आणि रोग आटोक्यात आला, असा या कथनाचा सरळ क्रम असतो. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात ठेवलेल्या माशांच्या परोपजीवी रोगांचा इतिहास मात्र या क्रमात बसत नाही. येथे उपायांची वाण कधीच नव्हती. उलट, योजलेला जवळजवळ प्रत्येक उपाय काही दिवस गुणकारीच वाटत असे. माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठत. पाण्यात औषध घातले की दोन-चार दिवसांत ते नाहीसे होत. मासे पुन्हा खाऊ लागत. त्यानंतर आठवड्याभरात तेच ठिपके पूर्वीच्या अनेक पटींनी परत येत आणि टाकीतील बहुतेक मासे मरून जात. औषधाने गुण आला होता, तर रोग परतला कसा? आणि गुण आलाच नव्हता, तर ठिपके गेले कसे? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळण्यास विसाव्या शतकाचा मोठा भाग खर्ची पडला. ती उत्तरे औषधशास्त्राने दिली नाहीत, तर परोपजीवीच्या जीवनचक्राच्या अभ्यासाने दिली.

(२)

लंडनच्या रीजेंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यानंतर युरोप-अमेरिकेतील मोठ्या शहरांत अशी मत्स्यालये झपाट्याने निघाली. जिवंत समुद्र काचेआड पाहता यावा, हा त्यामागील हेतू. परंतु समुद्र आणि टाकी यांत एक मूलभूत भेद आहे. समुद्रात माशाच्या अंगावरून सुटलेल्या परोपजीवीची संतती अफाट पाण्यात विखुरते आणि तिच्यातील फार थोड्या जीवांना आश्रयदाता मासा सापडतो. टाकीत त्यांना शोधावे लागत नाही. मासे त्यांच्याजवळच कोंडलेले असतात. समुद्रात माशाला सहज सोसणारा उपद्रव टाकीत साथीचे रूप घेतो, तो यामुळेच. परंतु साथ आल्यामुळेच तो उपद्रव डोळ्यांत भरला आणि त्याचा कर्ता सूक्ष्मदर्शकाखाली आला. अशा रीतीने मत्स्यालय हे रोग बळावण्याचे कारण ठरले, तसेच रोग जाणण्याचे साधनही ठरले.

याची पहिली खूण गोड्या पाण्यात दिसली. हिल्गेनडोर्फ आणि पाउलिकी यांनी १८६९ मध्ये हँबुर्ग येथे माशांच्या त्वचेतील एका पक्ष्माभिकायुक्त आदिजीवाचे वर्णन केले. फ्रान्समध्ये फूके यांनी १८७६ मध्ये त्यास ‘इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस’ हे नाव दिले. ‘बहुप्रसव मत्स्ययूका’ असा त्याचा भावार्थ करता येईल. हा जीव माशाच्या अंगावर वाढतो, पण तेथे वंशविस्तार करीत नाही. पूर्ण वाढ झाल्यावर तो मासा सोडून तळाशी जातो, स्वतःभोवती पुटी निर्माण करतो आणि त्या पुटीत विभागून असंख्य पिल्ले पाण्यात सोडतो. पुढील सर्व विवेचनाचे बीज या निरीक्षणात आहे. मात्र त्याच निरीक्षणाने पुढे एक दीर्घकाळ टिकणारा गैरसमजही निर्माण केला. त्याचा विचार यथाक्रम येईल.

(३)

सागरी माशांच्या बाबतीत निर्णायक काम दोन संस्थांत झाले : लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील १९२४ मध्ये उघडलेले नवे मत्स्यालय आणि न्यूयॉर्कच्या बॅटरी भागात १८९६ पासून चालू असलेले मत्स्यालय. या दुसऱ्या ठिकाणी मॅककॅलम यांनी १९२७ मध्ये ‘एपिब्डेला मेलेनी’ या चपट्या कृमीचे वर्णन केले. आज तो ‘निओबेनेडेनिया’ या प्रजातीत गणला जातो. जान आणि कून यांनी १९३२ मध्ये त्याचे जीवनचक्र मांडले, तर नायग्रेली आणि ब्रेडर यांनी १९३४ मध्ये कोणते मासे त्यास बळी पडतात व कोणते प्रतिकार करतात याचा शोध घेतला. हा शत्रू तुलनेने सोपा होता. तो नुसत्या डोळ्यांना दिसू शकतो, आणि माशाला काही मिनिटे गोड्या पाण्यात धरले असता तो पांढरा पडून गळून जातो. त्याची अंडी टाकीत उरतात हे खरे. पण निदान तरी संशयातीत असते.

ब्राऊन यांनी लंडन येथे १९३१ मध्ये ज्याची नोंद केली, तो ‘ओडिनियम ओसेलॅटम’ हा जीव तितका सरळ नव्हता. तो डायनोफ्लॅजेलेट वर्गातील, म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म कशाभिकाधारी जीवांच्या कुळातील होता. ब्राऊन यांनी १९३४ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. न्यूयॉर्कच्या नायग्रेली यांनी १९३६ मध्ये त्याची रचना व जीवनचक्र स्वतंत्रपणे तपासले. पुढे १९४६ मध्ये ब्राऊन व ओव्हास यांनी त्यास ‘अमायलोडिनियम’ या वेगळ्या प्रजातीत घातले. त्याच्या शरीरात स्टार्च असते, याची साक्ष हे नावच देते. आयोडीनच्या द्रावाने तो गडद रंग धारण करतो तो याच कारणाने.

या संशोधनातून प्रकट झालेले चित्र असे. हा जीव मुळांसारख्या तंतूंनी कल्ल्यांना व त्वचेला चिकटतो आणि आश्रयदात्याच्या पेशींवर पोसला जातो. काही दिवसांनी तो सुटून खाली पडतो, पुटीबद्ध होतो आणि एकाचे दोन, दोनाचे चार या क्रमाने विभागून २५६ पर्यंत पोहणारे जीव निर्माण करतो. त्याचा पहिला आघात बहुधा कल्ल्यांवर होत असल्यामुळे, अंगावर मखमलीसारखी बारीक झाक दिसण्यापूर्वीच मासा गुदमरून मरू शकतो. म्हणजे त्वचेवरील ठिपक्यांची वाट पाहणारा निरीक्षक येथे नेहमीच उशिरा पोहोचतो. जलद श्वसन, पृष्ठभागाशी घुटमळणे आणि कल्ल्याच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाने केलेली तपासणी हीच त्याच्या निदानाची खरी साधने होत.

(४)

दुसरा पांढरा ठिपका निराळा होता. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७-३८ च्या सुमारास सागरी माशांच्या श्वेतबिंदू रोगाचे वर्णन केले. या रोगाचा कर्ताही पक्ष्माभिकायुक्त आदिजीव असून त्याची राहणी गोड्या पाण्यातील इक्थिऑफ्थिरियसशी इतकी जुळत होती, की त्यास त्याचाच सागरी भाऊबंद समजणे स्वाभाविक होते. १९५१ मध्ये ब्राऊन यांनी एका संक्षिप्त टिपणात त्यास ‘क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स’ असे नवे नाव दिले. परंतु सिकामा यांनी १९६१ मध्ये त्याचे ‘इक्थिऑफ्थिरियस मरीनस’ असे नामकरण केले. नायग्रेली व रुजिएरी यांनी १९६६ मध्ये न्यूयॉर्क मत्स्यालयातील साथींचे विवेचन करताना ही दोन्ही नावे एकाच जीवाची असल्याचे मांडले, व ब्राऊन यांचे नाव रूढ झाले.

हा वाद केवळ नावाचा नव्हता. इक्थिऑफ्थिरियसच्या शरीरातील मोठे केंद्रक घोड्याच्या नालासारखे असते. क्रिप्टोकॅरियॉनचे केंद्रक चार मण्यांच्या माळेसारखे असते. अखेर २००२ मध्ये राइट व कोलोर्नी यांनी जनुकीय पुराव्यावरून दाखवून दिले की हे दोन जीव पक्ष्माभिकायुक्तांच्या निरनिराळ्या वर्गांत मोडतात. दोन अनात्मीय जीव निरनिराळ्या पाण्यांत एकसारख्या राहणीला पोहोचले होते. बाह्य साम्यावरून मानलेले नाते येथे खोटे ठरले.

अशा साम्याने फसवणूक होण्याची आणखीही उदाहरणे आहेत. लोम व नायग्रेली यांनी १९७० मध्ये ‘ब्रुकलिनेला हॉस्टिलिस’ या आणखी एका आदिजीवाचे वर्णन केले. तो पुटी करीत नाही. माशाच्या अंगावरच विभागतो. त्यामुळे पुटीच्या कालमानावर बेतलेली कोणतीही उपाययोजना त्याच्यापुढे व्यर्थ ठरते.

(५)

उपचाराच्या इतिहासातील प्रमुख टप्पा म्हणजे मोरचुदाचा वापर. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील डेम्पस्टर यांनी १९५५ मध्ये ओडिनियमजन्य रोगांवर त्याची उपयुक्तता प्रतिपादिली. लीटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे हे पुढे रूढ झालेले प्रमाण होय. याहून कमी पडल्यास परोपजीवी वाचतो. अधिक झाल्यास मासा दगावतो. त्यातच समुद्राच्या अल्कधर्मी पाण्यात तांबे कार्बोनेटच्या रूपाने खाली बसते, प्रवाळाचे तुकडे व शिंपल्यांची वाळू ते शोषून घेतात, आणि प्रवाळ, शंख, कोळंबी यांसारख्या अपृष्ठवंशी प्राण्यांना ते घातक ठरते. म्हणून पाण्यातील तांब्याचे वारंवार मापन हा उपचाराचाच भाग बनला.

परंतु अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की तांबे पुटीला मारीत नाही. क्रिप्टोकॅरियॉनचा वाढता जीव तर माशाच्या बाह्यत्वचेखाली दडलेला असल्याने तोही बचावतो. बळी पडतो तो केवळ पोहणारा जीव. सुरुवातीस उपस्थित केलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे येथे मिळतात. ठिपके जात, कारण वाढ पुरी झालेला परोपजीवी आपल्या क्रमाने मासा सोडून जाणारच असतो. औषध घातले वा न घातले तरी तो जातो. ठिपके परत येत, कारण तळाच्या पुटींतून पुढची पिढी बाहेर पडे. या मधल्या काळात जे काही पाण्यात घातले असेल, त्याला यशाचे श्रेय मिळे. शिवाय वाचलेल्या माशांत काही काळ प्रतिकारशक्ती उत्पन्न होई. तिचे श्रेयही औषधाच्याच पदरात पडे.

हे जाणल्यावर उपचाराचा प्रश्न ‘कोणते औषध?’ असा न राहता ‘किती दिवस, आणि कोणत्या अवस्थेवर?’ असा झाला. इस्राएलमधील एलात येथे संवर्धित माशांवर काम करणारे कोलोर्नी यांनी १९८५ मध्ये लवणता घटवून क्रिप्टोकॅरियॉनवर नियंत्रण मिळवण्याची रीत मांडली : दर तिसऱ्या दिवशी तीन तास, असे चार वेळा, दर हजारी १० भाग वा त्याहून कमी लवणतेचे पाणी. १९८७ मध्ये त्यांनी याहूनही साधा मार्ग पुढे ठेवला. मासे दर तीन दिवसांनी स्वच्छ टाकीत हलवावेत. परोपजीवी मासा सोडून तळाशी गेला, की त्याची संतती बाहेर पडण्यापूर्वी मासा तेथून निघून गेलेला असेल. या उपायात औषध मुळीच नाही; आहे ते केवळ जीवनचक्राचे गणित.

या गणितालाही मर्यादा आहेत. एकाच वेळी तयार झालेल्या पुटींतून जीव बाहेर पडण्यास कधी तीन दिवस, तर कधी दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो. तैवानमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अत्यंत कमी लवणतेत टिकणारे क्रिप्टोकॅरियॉन आढळले. आणि अमायलोडिनियम तर मुळातच लवणतेचा मोठा फेरफार सोसतो. पांढरे ठिपके पाहून पाणी फिके करणाऱ्याची टाकीत खरोखर अमायलोडिनियम असेल, तर उपचार चालू असतानाच मासे मरतील. निदानाची चूक येथे केवळ पांडित्याची चूक राहत नाही.

(६)

या इतिहासावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की या क्षेत्रात वर्गीकरण व उपचार ही दोन अलग शास्त्रे कधीच नव्हती. केंद्रकाचा आकार, स्टार्चचे अस्तित्व, पुटीतील विभाजनाची रीत या ज्या गोष्टी व्यवहारी माणसास निरुपयोगी वाटल्या असत्या, त्यांच्यावरच माशाचे जगणे-मरणे अवलंबून होते. दुसरा निष्कर्ष पद्धतीविषयी आहे. लक्षणाचा लोप म्हणजे रोगाचा अंत, हे गृहीत जोपर्यंत तपासले गेले नव्हते, तोपर्यंत प्रत्येक अयशस्वी उपाय यशस्वी म्हणून नोंदला जाणे अटळ होते. ते गृहीत मोडले ते माशाकडे पाहून नव्हे, तर मासा सोडून गेलेल्या परोपजीवीचा तळापर्यंत माग काढून. नव्या माशाला मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी काही आठवडे वेगळे ठेवण्याचा जो नियम मत्स्यालयांत आज पाळला जातो, त्याच्या मुळाशी हीच जाणीव आहे, की निष्कलंक दिसणारा मासा निरोगी असतोच असे नाही.